मोंलोरच्या सुरईतला ओला कुत्रा

एव्हारिस्त मोंलोर वाईन कानाने चाखायचा. ग्लास ओठाला लावला की डोळे मिटायचा, मान तिरकी करायचा आणि शेजारचा काय म्हणतो ते ऐकायचा. शेजाऱ्याने 'वा' म्हटलं की हा 'वाहवा' म्हणायचा. शेजाऱ्याने नाक मुरडलं की हा अख्खं तोंड मुरडायचा. फ्रान्समधल्या आमच्या मेदोकमध्ये यात वावगं काही नाही. इथले निम्मे मळेवाले असेच चाखतात आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडे बघून.

त्याची वाईन मात्र चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. जमीन सगळी खडीची. पावसाचं पाणी पडल्या पडल्या गायब होतं, म्हणून कॅबर्ने द्राक्षाच्या वेलींच्या मुळांना ओल शोधत खाली, पार खाली, जुन्या लढाईत मेलेल्या इंग्रजांच्या चिलखतांपर्यंत जावं लागतं. त्यामुळेच मोंलोरच्या वाईनला मागाहून थोडी लोखंडाची चव येते असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, मी फक्त विकतो. बाटलीवर चार मनोऱ्यांची गढी छापलेली आहे. प्रत्यक्षात मनोरा एकच, त्यात कबुतरं राहतात. बाकीचे तीन चित्रकाराने कबुतरांची अडचण बघून वाढवले.

मी वाईनचा दलाल. मळेवाला आणि बोर्दो शहरातला व्यापारी यांच्या मधोमध उभा राहणारा माणूस. मळेवाल्याला सांगायचं, यंदा व्यापारी या रस्त्याला फिरकतसुद्धा नाहीत. व्यापाऱ्याला सांगायचं, मळेवाल्याच्या दारात रांग लागलीय. दोघांनाही ठाऊक असतं की मी खोटं बोलतोय, आणि माझ्या खोट्यातून खरं निवडायला दोघंही लहानपणीच शिकलेले असतात. मी 'जरा पातळ आहे' म्हटलं की मळेवाला शीळ घालत घरी जातो. सगळा कारभार या विश्वासावर चालतो. तो एकदाच कोलमडला, मी खरं बोललो तेव्हा.

त्याचं असं झालं. एव्हारिस्तला आमच्या कंकर-मंडळाचं महंतपद हवं होतं. हे मंडळ म्हणजे आम्हा खडीवरच्या लोकांची बिरादरी. महंताला किरमिजी मखमलीचा झगा मिळतो आणि पातेलं उपडं घातल्यासारखी टोपी. जूनमध्ये, वेलींना फुलं येतात तेव्हाच्या मेजवानीला, तो झगा घातलेला माणूस वाफवलेल्या बीटासारखा दिसतो. पण एव्हारिस्तच्या बापाने तो घातला होता, आजोबाने घातला होता, आणि दिवाणखान्यात दोघांच्या तसबिरींशेजारी एक खिळा रिकामा होता. जेवताना एव्हारिस्तचं तोंड नेमकं त्या खिळ्याकडे यायचं.

महंत निवडायची आमची रीत जुनी आहे. उमेदवाराने सुरईतली एक वाईन चाखायची आणि तिच्याविषयी बोलायचं. कुठली ते सांगायचं नाही. नाव ओळखणं आमच्यात उथळपणाचं समजतात, कारण ते कुणालाच येत नाही. बोलून झालं की बशीवरचा रुमाल काढून त्या बाटलीचं बूच दाखवतात. बुचावर गढीचं नाव डागलेलं असतं. बोलणं आणि बूच जुळलं, तर सभासद ग्लास उंच धरतात. नाही जुळलं, तर टेबलावर पालथे घालतात. तीनदा पालथे पडले की त्या माणसाचा विषय कायमचा संपला.

एव्हारिस्तचे दोनदा पडले होते. पहिल्या खेपेला त्याने एका ग्लासाची इतकी स्तुती केली की दोन बायकांनी डोळे टिपले. रुमाल काढला तर सहकारी तळघराची वाईन, जी गावात व्हिनेगर संपलं तर सॅलडवर शिंपडतात. दुसऱ्या खेपेला तो सावध होता. पहिल्याच घोटाला म्हणाला, "पावसात भिजलेला पुठ्ठा." ती वाईन खुद्द महंतांच्या, म्हाताऱ्या लास्तूरच्या मळ्यातली निघाली. लास्तूरना ऐकू कमी येतं, पण 'पुठ्ठा' बरोबर ऐकू आला.

आता तिसरी खेप. लास्तूर थकले होते, झग्याचं ओझं पेलवेना, आणि त्या साली सुरई भरायची पाळी माझ्यावर आली.

मे महिन्यातल्या एका रविवारी एव्हारिस्त माझ्या दारात उभा. पाठीमागे त्याची बायको क्लोतिल्द, हातात झाकलेलं पातेलं.

"आन्सेल्मबाबा, क्लोतिल्दने वाम केलाय. लाल वाईनमध्ये, कांद्याची पात घालून. तुम्हाला आवडतो ना."

"मला वाम आवडतो हे तुला यंदाच कळलं?"

"कळलेलं होतंच. यंदा वाम जास्त मिळाले."

"सुरई माझ्याकडे आली आणि नदीत वाम वाढले."

"बोलू द्या त्याला बाबा," क्लोतिल्द म्हणाली. "रस्ताभर पाठ करत आलाय."

एव्हारिस्तने टोपी काढली. "मला नाव नको. मी तसला माणूस नाही. एवढंच सांगा, डोक्यावर घ्यायची की धुवायची?"

"चाखून बघ, मग ठरव."

बिनकपड्यांनी चर्चला जा असं सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "थट्टा नको बाबा. हा माझा शेवटचा ग्लास आहे."

वामाचा वास सुटला होता. आणि मला दुसरीही काळजी होती. हा माणूस तिसऱ्यांदा आपटला असता, तर उरलेलं आयुष्य माझ्या स्वयंपाकघरात बसून उसासे टाकत काढलं असतं. दुसऱ्या कुणाच्या घरात त्याला बसू देत नाहीत. म्हणून मी आधीच ठरवलं होतं, की जी वाईन त्याला झोपेतसुद्धा ओळखता येईल अशीच सुरईत घालायची.

"तुझीच आहे," मी म्हणालो. "त्या कडक उन्हाळ्याच्या सालची, तुझ्या तळघरातली. मन भरून स्तुती कर आणि झगा घालून घरी जा."

एव्हारिस्तच्या मिशा हळूहळू वर चढल्या.

"समजलं," तो म्हणाला.

"काय समजलं?"

"तुम्ही सांगायचं ते सांगितलंत. मी ऐकायचं ते ऐकलं."

"एव्हारिस्त, बाबा खरं सांगत असतील तर?" क्लोतिल्द म्हणाली.

"दलाल आहेत ते, क्लोतिल्द." मांजर झाडावर चढतं हे लहान पोराला सांगावं तशा मायेने तो बोलला. "माझी म्हणाले, म्हणजे माझी नाही. स्तुती कर म्हणाले, म्हणजे धू. आता माझी म्हणून खपेल अशी वाईन दुसरी कुठली आहे?" आणि त्याने अंगठा खांद्यावरून मागे, रस्त्यापलीकडे केला.

रस्त्यापलीकडे डॉक्टर फुर्कादचा मळा. तीच खडी, तेच ऊन. फुर्काद आणि मोंलोर घराण्यांनी एकमेकांबद्दल बरा शब्द काढलेला नाही. यांच्या आजोबांचा हंस त्यांच्या आजोबांची द्राक्षं खाऊन झिंगला आणि चर्चमध्ये शिरला तेव्हापासून. हा फुर्काद पूर्वी दवाखाना चालवायचा. तो बंद करून वाईन करायला लागला, तेव्हा गाव म्हणालं, औषध तेच आहे, बाटली बदललीय.

"पुन्हा सांगतो," मी म्हणालो, "तुझीच आहे."

"दोनदा म्हणाले," एव्हारिस्त बायकोला म्हणाला. "आता तर शंकाच नको."

मी पातेल्याचं झाकण काढलं. वाम गार होत होता.

मेजवानी मंडळाच्या पिंपघरात होती. बाहेर वेलींच्या वाळक्या काड्यांवर मांस भाजत होतं, आत ओकच्या पिंपांचा गारवा, आणि त्या गारव्यात मखमलीतले सभासद घाम पुसत बसलेले. एका बाजूला क्लोतिल्द, समोर डॉक्टर फुर्काद, मधल्या खुर्चीत लास्तूर, त्यांच्यापुढे रुमालाखाली बूच. मी सुरई घेऊन सगळ्यांचे ग्लास भरले. एव्हारिस्तचा शेवटी भरला.

त्याने पांढऱ्या टेबलक्लॉथवर ग्लास तिरका धरून रंग बघितला. गोल फिरवला. नाक इतकं आत घातलं की बाहेर येताना टोकावर लाल थेंब होता. मग घोट घेतला, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, कारण ती वाईन मला पाठ होती. आधी ब्लॅककरंटचं फळ, पिकून काळंभोर झालेलं. मग देवदाराची फळी. मग नुकतं टोक केलेल्या शिसपेन्सिलीचा वास. आणि शेवटी कॅबर्नेचा तो तुरटपणा, जो हिरड्यांना घट्ट धरतो, पण सोडताना माफी मागून सोडतो.

त्याचं तोंड मऊ झालं. भुवया सैल पडल्या, खांदे उतरले. शाळेतून घरी आलेल्या पोराला स्वयंपाकघरातून वास यावा तसा तो दिसला. जीभ त्याला काहीतरी सांगत होती. बहुधा जन्मात पहिल्यांदाच. मग आपण काय ठरवून आलोय ते त्याला आठवलं. त्याने घोट लांबच्या बादलीत थुंकला. थुंकणं मात्र त्याला अप्रतिम यायचं. सरळ, बारीक, एक थेंब इकडेतिकडे नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "हिची नाडी लागत नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. सगळ्यांची नजर डॉक्टरकडे गेली. एव्हारिस्तला जोर चढला.

"कॅबर्ने आहे, नाही म्हणत नाही. पण आजारी रजेवर आहे. तिच्या जोडीचं मर्लो द्राक्ष बिचारं उशाशी बसून शुश्रूषा करतंय. रंग बघा. हा रंग द्राक्षाचा नव्हे, कुणाच्या तरी लाजेचा आहे. आणि वास..." त्याने पुन्हा नाक घातलं. "ओला कुत्रा. साधासुधा ओला कुत्रा नव्हे. दवाखान्यातल्या बाकाखाली झोपलेला, आणि डॉक्टरने तपासून बरा म्हणून सोडलेला."

आता सगळे हसत होते. दहा जण ग्लासात नाक घालून म्हणाले, "अरे खरंच, कुत्रा." वकील दुपेरूंनी तर जातसुद्धा सांगितली. एव्हारिस्त पुढे बोलतच गेला. तुरटपणा असा की दात आपल्या घरी परत जायला निघतात, शेवट असा की पाहुणा निरोप न घेता निघून जातो. मी सुरई छातीशी धरून उभा होतो. थांबवायला गेलो असतो तर तो आणखी चेकाळला असता.

डॉक्टर फुर्कादने आपला ग्लास हळूच ओठाला लावला. त्याची मान लाल झाली, मग कान. मग तो उभा राहिला.

"एव्हारिस्त, माझ्या तळघरात कुत्रा नाही."

"मी कुणाचं नाव घेतलं, डॉक्टर?"

"घ्यायला कशाला हवं? माझी वाईन मी ओळखतो." त्याने ग्लास सगळ्यांपुढे धरला. "लाज वाटली पाहिजे सगळ्यांना. हा देवदार तुम्हाला लागत नाही? ही माझ्या बापाची खडी आहे, बोलतेय ती. ही वाईन मी आजारी माणसाला दिली असती तर दवाखाना बंद करावा लागला नसता. एवढी सरळ, एवढी घरंदाज वाईन रस्त्याच्या त्या बाजूला आजवर झाली नाही आणि यापुढे होणारही नाही."

असं म्हणून त्याने मोठा घोट घेतला. डोळ्यांत पाणी होतं.

"ओल्या कुत्र्याला तुम्ही देवदार म्हणता," एव्हारिस्त म्हणाला. "तुमच्या निदानाबद्दल गाव उगाच बोलत नाही."

"महंत," डॉक्टर घोट तोंडात धरूनच गुरगुरला आणि त्याने बशीकडे बोट केलं.

लास्तूरनी रुमाल उचलला, चष्मा चढवला, बूच डोळ्यांशी धरलं. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने वाचतात.

"मोंलोर."

कुणी हललं नाही. आपण चुकीचं वाचलं असं वाटून त्यांनी पुन्हा वाचलं. "मोंलोर. गढीसुद्धा आहे, चार मनोरे."

डॉक्टर उभाच होता. तोंडात घोट, गाल फुगलेले. गिळला तर शेजाऱ्याची वाईन आवडली असं व्हायचं, थुंकला तर आत्ताच केलेलं भाषण थुंकल्यासारखं. तो तसाच राहिला.

एव्हारिस्त माझ्याकडे वळला. तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य.

"आन्सेल्मबाबा, तुम्ही तर म्हणाला होतात, माझी आहे."

"हो."

"मग?"

"मग काय?"

सभासदांचे हात ग्लासांवर होते. पालथे घालायला मनगट वळवायचा अवकाश. पण कुणाचंच मनगट वळेना, आणि का ते मला सुरई घेऊन उभ्या उभ्या दिसत होतं. दुपेरूंनी कुत्र्याची जात सांगितली होती. बाकीच्यांना तो कुत्रा हुंगून पटला होता. ज्याच्या मळ्यात ते दर शरदात कापणीनंतर जेवतात त्याची वाईन एकालाही कळली नव्हती. आज एव्हारिस्तचा ग्लास पालथा घातला, तर पुढच्या वर्षी सुरई दुसऱ्या कुणाच्या तोंडासमोर येणार, आणि बशीवर कुणाचं बूच असेल कोण जाणे. आणि एव्हारिस्त? तो टेबलावरच्या सगळ्या ग्लासांकडे बघत होता. दिवाणखान्यातला खिळा मला तिथून दिसत होता.

तेवढ्यात क्लोतिल्द उठली.

"दोन शब्द बोलू का, महंत?"

"काय?" लास्तूर म्हणाले.

"बोलते." तिने हात पुसले. "या मळेवाल्यांत संसार करून माझं आयुष्य गेलं. स्वतःच्या वाईनबद्दल वाईट बोललेला मालक मी आजवर बघितला नव्हता. आज बघितला. आणि शेजाऱ्याच्या वाईनबद्दल डोळ्यांत पाणी आणून चांगलं बोललेला शेजारी तर माझ्या आईनेही बघितला नव्हता. बिरादरी बिरादरी म्हणता ती याहून वेगळी काय असते, ते मला कुणीतरी समजावून सांगा. नाहीतर ग्लास वर करा, मांस करपतंय."

ती बसली. डॉक्टरने घोट गिळला. त्याला दुसरा रस्ता ठेवलाच नव्हता तिने.

सगळ्यात आधी दुपेरूंचा ग्लास वर गेला, इतक्या झटक्यात की निम्मी वाईन त्यांच्या बाहीवर. मग बाकीचे. नम्रता, मोठेपणा, सत्यप्रियता असे शब्द ऐकू यायला लागले. आत्ताच जे हसले होते ते सांगायला लागले, की आपल्याला पहिल्याच घोटाला कळलं होतं, एव्हारिस्तची परीक्षा बघत होतो. लास्तूरनी झगा काढला तेव्हा आतून वाफ आली. एव्हारिस्तला तो दोन वीत लांब झाला. त्याने तो दोन्ही हातांनी वर उचलून धरला, आणि मांस खाताना पहिल्यांदाच त्याचं तोंड कुठल्याही खिळ्याकडे नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या पिंपघरात बोर्दोचा एक व्यापारी बसला होता.

पुढच्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ती कुत्र्याची वाईन हवी." मी म्हटलं, कुत्रा नाही, देवदार आहे. तो म्हणाला, "आन्सेल्म, देवदार सगळ्यांकडे आहे." त्याने ती लंडनला पाठवली. तिथल्या एका नामांकित चाखणाऱ्याने ग्लास हुंगून लिहिलं, की वाईनमध्ये उच्च कुळातल्या, नुकत्याच नदीतून बाहेर आलेल्या श्वानाची हृद्य आठवण आहे. मग न्यूयॉर्कच्या एकाला त्यात पिल्लू सापडलं. ब्रसेल्सच्या एकाने पट्टाही ओळखला, चामड्याचा.

दोन वर्षांत आमच्या बाजूला कुत्रा नसलेलं तळघर उरलं नाही. मळेवाले द्राक्षं तोडायच्या आधी कुत्री पोहायला नेत. डॉक्टर फुर्कादने एक थोराड स्पॅनियल आणला, त्याला रोज सकाळी आंघोळ घालायचा आणि न पुसता पिंपांमध्ये सोडायचा. कुत्र्याला संधिवात झाला, वाईनला काही होईना. व्यापारी हुंगायचे आणि मान हलवायचे. "देवदार," ते खिन्नपणे म्हणायचे. "नुसता देवदार, डॉक्टर."

आणि मोंलोरच्या तळघरात? तिथे सगळा कारभार अजूनही मांजराच्याच ताब्यात आहे.

एव्हारिस्तची तसबीर त्या खिळ्यावर आहे, झग्यासकट. पण महंत झाल्यापासून त्याला घोट घेणं अवघड झालंय. तो ग्लास नाकाशी नेतो आणि सगळे त्याच्या तोंडाकडे कान लावून बसतात. पूर्वी तो शेजाऱ्याकडून ऐकायचा. आता शेजारी त्याच्याकडून ऐकायला टपलेले. त्याने 'छान' म्हटलं तर लोक गालात हसतात, की महंत काहीतरी लपवतायत. 'वाईट' म्हटलं तर माल दुसऱ्या दिवशी संपतो. ऐकायचं कुणाचं, हा प्रश्नच आहे.

परवाच्या रविवारी तो आला होता. क्लोतिल्दबरोबर, पातेल्यासकट. आम्ही तिघं जेवायला बसलो. मी त्याचीच बाटली उघडली, त्याच कडक उन्हाळ्याच्या सालची. तो बराच वेळ ग्लासाकडे बघत होता, मग त्याने एक घोट घेतला, आणि त्याचं तोंड पुन्हा तसंच मऊ झालं, पिंपघरात झालं होतं तसं. मग तो एकदम घाबरल्यासारखा माझ्याकडे वळला.

"बाबा, इथे आपल्याशिवाय कुणी नाही. धंदा बाजूला ठेवा. खरं सांगा, कशी आहे?"

क्लोतिल्दने माझ्याकडे बघितलं. मी ग्लास खाली ठेवला.

"चांगली आहे, एव्हारिस्त. माझ्या जन्मात मी विकलेल्या वाईनमध्ये सगळ्यात चांगली आहे."

त्याच्या हातातला चमचा बशीत पडला.

"इतकी वाईट?" तो म्हणाला.